डॉक्टरीणबाईंचं ‘न्हाई’

शेरडांचा हिरवा घास दुपारपर्यंत खपला नाही तर वाळून जातो. किस्से मात्र खपतही नाहीत आणि वाळतही नाहीत. खाटीकखान्याच्या फाटकाशी घास विकत बसून बसून माझ्याकडं त्यांचा ढीग झालाय. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुठल्या बोकडाचा कुठला कान फाटका होता ते विचारा, सांगते. नात लिहून घेतीय.

तिसगावच्या बाजारातली शेरडं-मेंढरं कापायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं येतात, विसावा घेतात, माझा घास खातात. सकाळी सरकारी डॉक्टर एकेक जनावर बघतात. चांगलं असलं की पाठीवर निळा ठिपका, मग ते आत. आजारी, गाभण नाहीतर फार कोवळं असलं की परत. आधीचे साहेब खुर्चीत बसून लांबूनच सगळ्यांना ठिपका द्यायला सांगायचे. त्यांच्या जागी चार वर्षांमागं राजूरकडची ही डॉक्टरीणबाई आली. वयानं माझ्या नातीएवढी. शिकलेली, पण नकार द्यायचा तर आमच्यासारखाच, ‘न्हाई’. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ टेकून चहा पिताना म्हणाली, "आजी, माझं ‘न्हाई’ इथं एकदा जरी मोडलं ना, तर उद्यापासून मी नुसती ठिपके द्यायला."

मोडणारा कोण, तोही समोरच उभा होता. बबन खाटीक. तीस वर्षांचा धंदा, आणि बाकीचे सगळे खाटीक त्याच्या तोंडाकडं बघून चालणारे.

*

त्याच दिवशी बबननं साहेबांची खुर्ची फडक्यानं पुसून बाईंसमोर ठेवली. म्हणाला, बसा, तुमच्यापुढनं एकेक नेतो, हात घाण कशाला करता.

बाईंनी खुर्ची नीट हलवून बघितली. चांगली जड, लोखंडी होती. मग एक द्वाड बोकड आणून तिच्या पायाला बांधलं आणि त्याच्या मागं थर्मामीटर लावलं.

"बरी आहे खुर्ची," म्हणाल्या.

तेव्हापासून तिच्यावर माणूस बसलेलं मी पाहिलं नाही.

*

पंधरा दिवसांतच बबनच्या एका तांबड्या शेळीवर दोघांचं अडलं. बाईंनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं आणि गाभण आहे म्हणाल्या. बबन म्हणाला, खाऊन माजलीय, दुसरं काय न्हाई. बाकीचे खाटीक कामं सोडून बघायला गोळा झाले. बाईंनी ठिपका दिला नाही. एक करडू आहे, दोन महिन्यांत व्यायली नाही तर मला येऊन सांगा, एवढंच बोलल्या. बबन फणफणत शेळी घरी घेऊन गेला.

दोन महिन्यांनी त्याची बायको हौसा डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत दोन करडं. मागं बबन. आता हा काय बोलतो म्हणून सगळे कान टवकारून उभे.

"बाई, तुमी एक म्हनला व्हता," बबन म्हणाला. "दोन निघाली. चुकलं तुमचं."

बाईंनी कबूल केलं.

*

शेवगावकडचा एक व्यापारी यायचा. जीभ अशी, की रेडा दुभता म्हणून विकेल. एकदा त्यानं आणलेल्या बोकडाच्या नाकाला हळद फासलेली. बाईंनी विचारलं तर म्हणाला, काल घरी लग्न हुतं, हळदीच्या ताटात तोंड घातलं त्यानं.

बाईंनी ओल्या बोळ्यानं नाक पुसलं. हळद गेली आणि खालून शेंबूड वाहायला लागला.

"नवरदेवाला पडसं झालंय," बाई म्हणाल्या. "वरात माघारी न्या."

*

देवळापुढं कापणं बंद झाल्यापासून नवसाची बोकडंही आमच्याकडंच येतात. आमच्या भागातली रीत अशी की नवसाच्या बोकडावर पाणी घालायचं आणि वाट बघायची. त्यानं अंग थरारलं की देवाला पोचलं. तोवर सुरी लावायची नाही.

एका घरची दहा-बारा माणसं बोकड घेऊन आली. पाणी घालायच्या आधीच बोकड थरथरायला लागलं. म्हाताऱ्यानं हात जोडले, बायकांनी भंडारा उधळला. एवढा तातडीचा कौल त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नव्हता.

बाईंनी थर्मामीटर लावलं. एकशे सहा.

म्हातारा म्हणाला, देव बोललाय, तुमी मदी पडू नका. बाई म्हणाल्या, देव तापात बोलत नसतो बाबा. औषध देते, बरं झालं की आणा. म्हाताऱ्यानं बबनकडं बघितलं, बबननं आभाळाकडं. शेवटी बोकड माघारी गेलं.

पंधरा दिवसांनी आलं ते टुणटुणीत. बाईंनी बघून ठिपका दिला. मग पाणी घातलं. एक तांब्या, दोन तांबे, एक बादली. बोकड हलेना. माझा घास खातंय, मजेत. दुपार झाली, माणसं उपाशी, म्हातारा रडकुंडीला आला.

हळूच बाईंजवळ जाऊन म्हणाला, "बाई, थोडासा ताप आणता येतो का?"

*

एकदा एका पुढाऱ्याच्या जेवणावळीची बोकडं आली. त्यातल्या तीन बोकडांच्या तोंडात फोड. बाई न्हाई म्हणाल्या. आणणाऱ्यानं लगेच मोबाईल लावला, स्पीकर मोठा केला आणि बाईंच्या तोंडापुढं धरला. पुढारी साहेब स्वतः बोलत होते. आवाजावरनंच कळत होतं, माणूस ऐकून घ्यायच्या सवयीचा नाही. फाटकाशी सगळे गोळा झाले. बबनही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, पंगतीला तुम्ही स्वतः बसणार आहात ना?"

फोनवरनं आवाज आला, "दुसरी बघ रे."

*

गेल्या वर्षी बबनच्या नातवाचं जावळ होतं. देवाच्या नावानं बोकड दीड वर्ष घरात वाढवलेलं. बबन त्याला स्वतःच्या ताटातली भाकरी घालायचा. अशा बोकडाच्या बदल्यात दुसरं चालत नाही. आणि घरच्या कार्याचं, घरीच कापायचं बोकड कुणी दाखवायलाही आणत नाही. त्यात खाटकाचं घर. सुरी घरातली, हात घरातला, विचारणार कोण?

सकाळी सातला बबन बोकड घेऊन फाटकाशी हजर. अंगावर नवं धोतर. बाई मीटिंगसाठी नगरला गेलेल्या. तो माझ्याशेजारी बसला.

दहाला घरनं फोन आला, व्याही उतरले. अकराला आला, मसाला वाटून झालाय. बाराला हौसाच बोलली, ती काय बोलली ते लिहून घेण्यासारखं नाही. बबन सगळ्यांना सांगत होता, चहा पाजा.

शेवटी बाईंचाच फोन आला. त्यांना कुणीतरी कळवलं असणार. मला ऐकू येत होतं. बाई म्हणत होत्या, मामा, पाहुणे कशाला ताटकळत ठेवता? तीस वर्षं जनावरं बघताय, आज तुम्हीच बघा आणि कार्य उरका.

"न्हाई बाई," बबन म्हणाला. "घरचं हाय. माझ्या तोंडातनं ‘न्हाई’ निघायचं न्हाई. तुमच्या निघंल. तुमी या."

दीड वाजता बाई स्कूटीवरनं आल्या. हेल्मेट माझ्या घासावर ठेवलं. थर्मामीटर लावलं, डोळे बघितले, पोट बघितलं. मग बोकडाचा ओठ वर केला आणि तशाच थांबल्या. बबनला जवळ बोलावलं. दोघं वाकून आतले फोड बघत राहिले.

बाईंनी नुसती आडवी मान हलवली.

बबननं बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवला. खिशातनं मोबाईल काढला.

"हौसे," म्हणाला, "पुरनाला डाळ टाक."