शनिवारची भाजी

शर्मिलाला भाजी लगेच चिरवत नाही, हे कुवेतच्या सालमिया भागातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक. वांगं आणलं की आधी त्याचं चित्र, मग भरीत. मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीतून दमून आलेले तिचे यजमान विजयकुमार विचारायचे, "चित्रकारबाई, आज जेवायला मिळणार की नुसतं बघायला?" नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हा चित्रकलेच्या दोन परीक्षा तिच्या गाठीशी होत्या. कुवेतमध्ये त्यांना विचारतो कोण!

मुलगी शलाका शिकायला फ्रान्सला गेली आणि शर्मिलाचा हात पुन्हा सुटला. दर शनिवारी शलाका तिथल्या रस्त्यावरच्या बाजारातून भाजीचा फोटो पाठवी. लालचुटुक मुळे, मातीसकट गाजरं, वेडेवाकडे टोमॅटो. त्यांच्यापुढे इथली प्लास्टिकात गुंडाळलेली काकडी अगदीच बापुडवाणी. शर्मिला टॅब्लेट उभा करून रंग कालवायला बसे. तक्रार एकच: "तू कुठे दिसतच नाहीस गं. निदान हात तरी येऊ दे."

या शनिवारी हात आला. लीकची जुडी धरलेला. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण. शर्मिलानं एक डोळा मिटून पेन्सिलीनं माप घेतलं. मनगट लीकच्या दांड्याहून बारीक भरलं. आपलंच चुकलं म्हणून तिनं खोडलं, पुन्हा मोजलं. तेवढंच. मग कडं दिसलं. निघताना चढेना म्हणून साबण लावून चढवलेलं चांदीचं कडं पार कोपराकडे घसरलं होतं.

तिनं तडक फोन लावला.

"शलाका, जेवतेस ना गं?"

"येस, आई."

"काय जेवलीस?"

"आई, प्लीज. डोन्ट स्टार्ट."

"कॅमेरा तरी लाव."

"नेट स्लो आहे. बाय."

शर्मिला नवऱ्याकडे वळली. "अहो, मला तिच्याकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता."

"कशी जाणार? इकामा रिन्यूला टाकलाय. इथे राहायचा तो परवाना हातात आल्याशिवाय फ्रान्सवाले व्हिसाचा अर्जच घेत नाहीत," विजयकुमार म्हणाले, आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

लेकीला दोन घास भरवायला आईनं आधी कागद दाखवायचे, ही कुणाची अक्कल? शर्मिलाला रडू आलं, रागही आला. सगळ्यात जास्त स्वतःचा. पोर इतके महिने बाजारात उभी राहून दुसऱ्यांची भाजी दाखवत होती आणि आपण तिच्या रंगांचं कौतुक करत बसलो.

काय करावं ते सुचेना, तेव्हा ती पुन्हा चित्राकडे वळली. लीक जशीच्या तशी रंगवली. मनगट मात्र भरलं. बोटांना थोडं मांस दिलं. कडं खाली आणून घट्ट बसवलं, निघताना होतं तसं. आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळानं शलाकाचं उत्तर आलं. "ब्युटिफुल, आई! पण हा हात कुणाचा?"

"तुझाच गं," शर्मिला फोनकडे बघून म्हणाली. तेवढं लिहिणंही तिच्यानं होईना.