ऑगस्टची राहिलेली छाटणी

आमच्या डोंगरातल्या गावात कुणाच्या दारची बोगनवेल माजली, कुणाच्या अंगणात जाईचं रान झालं, की एकच नाव निघतं: दोन्या फिदेन्सिया. बाई येते, झाडाभोवती एक फेरी मारते, मोठा सुस्कारा सोडते आणि कात्री चालवायला लागते. सुस्कारा झाडासाठी नसतो, खांद्यासाठी असतो. नवरा गेल्यापासून गावभरची फुलझाडं छाटून छाटून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय.

मी म्हणतो, "कोमाद्रे, तुम्ही तराजूसारख्या दिसायला लागलात."

"मग दुसऱ्या पारड्यात तुम्ही बसा, कंपाद्रे. तुमच्या जिभेचं वजन पुरेल."

माझ्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिने धर्ममाता म्हणून पोरीला हातात धरलं, तेव्हापासून ती माझी कोमाद्रे, मी तिचा कंपाद्रे. आणि तेव्हापासून मी हा मार खातोय.

आता गोष्ट सांगतो ती खालच्या देवळाची. देवळाच्या भिंतीच्या आत नोचेबुएनाच्या झाडांची रांग आहे. नाताळ आला की शेंड्याची पानं लालभडक होतात, तीच ही झाडं. फिदेन्सियाच्या नवऱ्याने, क्रिसोफोरोने, ती लावली. नाताळाआधी पोसादाचा उत्सव असतो, त्याच्या पहिल्या संध्याकाळी मारिया आणि होसेच्या मूर्ती घेऊन सगळं गाव आसरा मागत तिथे जातं, आणि त्या वेळी दारात लाल रांग हवी म्हणजे हवीच. त्यासाठी झाडं फेब्रुवारीत गुडघ्यापर्यंत कापायची आणि ऑगस्टात पुन्हा शेंडे खुडायचे. कापायचं ते चंद्र उतरता असतानाच, पौर्णिमा सरल्यावर. चढत्या चंद्रात कापलं तर झाडाचा पांढरा चीक थांबत नाही आणि झाड वाळतं, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या ऑगस्टात चंद्र उतरायला लागला आणि फिदेन्सिया घराघरांतून फिरली. याची बोगनवेल, त्याची जास्वंद. देवळाची रांग तिने शेवटी ठेवली, घरचं काम म्हणून. घरचं काम नेहमी असंच मागे राहतं. मी आतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा, तांब्या घेऊन गेलो तर बाई पायरीवर बसलेली, कात्री मांडीवर.

"हात वर जात नाही, कंपाद्रे."

"द्या इकडे. मी छाटतो."

"तुम्ही? तुम्हाला स्वतःची मिशी सरळ कापता येत नाही!"

मी आतोले ओतलं. मिशीचं खरं होतं.

खांद्याची कळ थांबेपर्यंत चंद्र चढायला लागला. आता पुढचा उतरता चंद्र पार सप्टेंबरात, आणि तोवर शेंड्यांत लाल धरायला सुरुवात झालेली असते. तेव्हा कापणं म्हणजे नाताळच कापून टाकणं. ही बातमी एर्लिंदाला लागली. त्या वर्षी उत्सवाची मानकरीण ती. तरातरा आली.

"दोन्या फिदेन्सिया, चंद्राचं राहू द्या! आत्ताच्या आत्ता कापा. वाढू दिली तर खाली नुसत्या काठ्या दिसतील. माझ्या वर्षी देऊळ उघडंबोडकं?"

"आणि चिकाने झाडं मेली तर? क्रिसोफोरोला काय सांगू?"

"तो विचारायला येणार आहे का?"

"तुला नाही विचारायचा. मला रोज विचारतो."

एर्लिंदा जरा वरमली, पण तोंड मिटलं नाही. "मग करणार तरी काय?"

फिदेन्सियाने कात्री मिटून ठेवली. मग म्हणाली, "काही नाही. मी दमलेय गं. वाढू देत त्यांना."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून "दमलेय" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

झाडं वाढली. भिंत ओलांडली, दरवाजाची कमान ओलांडली. खाली खरंच काठ्या. येता-जाता दारातून डोकावून लोक म्हणायचे, "देवळाला बांबूचं कुंपण घातलंय वाटतं!" फिदेन्सियाने वाटच बदलली, लांबच्या ओढ्याकडून बाजारात जायची. मला वाटलं, बाई आता कात्री कायमची खुंटीला टांगते.

पोसादाची संध्याकाळ आली. मूर्ती वरच्या आळीतून उतरतात. फिदेन्सिया बरोबर चालली होती, मान खाली घालून. वळणावर पुढचे लोक थांबले. मागचे ओरडायला लागले, "चला की! मारियाचे पाय दुखतायत!" पण कुणी हलेना. एरवी छाटलेली रांग भिंतीआड असते, दारात गेल्याशिवाय लाल दिसत नाही. या वेळी खाली खोलगटात देऊळच दिसत नव्हतं. होता तो फक्त लाल रंग, भिंतीच्या वर, पसरलेला.

एर्लिंदाने फिदेन्सियाचा दंड धरला. "दोन्या, पुढच्या वर्षीही असंच राहू द्यायचं हं!"

फिदेन्सियाने डोळे पुसले आणि तिचा नेहमीचा सुस्कारा सोडला. "असंच राहिलं तर पहिल्या वादळात मोडून पडेल, बाई. फेब्रुवारीत कापायलाच हवं. आणि आता खोड मनगटाएवढं झालंय. कात्री नाही चालायची, करवत लागेल. कोण चालवणार? तुझा नवरा?"

एवढं बोलून तिने माझ्याकडे बघितलं.

फेब्रुवारीचा चंद्र उतरायला लागला तेव्हा मी शिडीवर चढून आधी वरच्या फांद्या उतरवत होतो, मिशीत भुसा, कोपरापर्यंत चीक. खाली खुर्चीत कोमाद्रे आतोले पीत बसल्या होत्या.

"वाकडं कापताय, कंपाद्रे."

"सरळच आहे!"

"मिशीसारखं सरळ," त्या म्हणाल्या, आणि दुखरा खांदा खुर्चीला टेकवून त्यांनी डोळे मिटले.