रशियन नट गेला त्यानंतरचा शनिवार

मुलगी डॉक्टरकी शिकायला रशियाला गेली आणि नांदेडच्या घरात मी एकटा राहिलो. बायको मुलीच्या दहावीच्या वर्षीच वारली होती. त्यानंतर दोन वर्षं मुलगी क्लासेससाठी लातूरला रूम करून होती. पण तेव्हा दर शनिवारी एसटीनं तिच्याकडे जाता यायचं. रशियाला एसटी जात नाही.

तिच्या आसपास जी भाषा बोलतात ती कानावर तरी पडावी, म्हणून मी मोबाइलवर रशियन सिनेमे लावायला लागलो. खाली इंग्रजी ओळी पळायच्या. एक वाचून होईपर्यंत दुसरी यायची. तिसऱ्या की चौथ्या सिनेमात तो नट दिसला. खेड्यातल्या पोस्टमास्तरचं काम होतं. एका प्रसंगात तो वाईट बातमीचं पत्र घेऊन एका घरापाशी जातो, आतलं हसणं ऐकतो आणि पत्र खिशात घालून परत फिरतो. संवाद एकही नाही. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला.

तरुणपणी मीही हौशी नाटकांत कामं केलेली. हवालदार, गडी, दुसरा गावकरी, असलीच. न बोलता एवढं करता येतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग त्याचं मिळेल ते पाहिलं, मिळेल ते वाचलं. मोबाइल मोडकंतोडकं भाषांतर करून द्यायचा. त्याचे वडील युद्धावरून परतले नव्हते, आई दवाखान्यातले कपडे धुवायची. तो बोलताना अडखळायचा, म्हणून नाट्यशाळेनं दोनदा परत पाठवलं. कारखान्यात लेथवर काम करताना, मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून त्यानं जीभ सरळ केली. पुढं कितीतरी वर्षं पहिल्या अर्ध्या तासात मरणारे शिपाईच वाट्याला आले. चाळिशी उलटल्यावर पोस्टमास्तर मिळाला आणि अख्खा देश त्याला ओळखायला लागला. नंतर तो देशच फुटला. स्टुडिओ बंद पडले. हा माणूस स्वतःच्या गाडीत उतारू बसवून शहरभर फिरायचा. मागं बसलेले म्हणायचे, तुम्ही त्या नटासारखे दिसता. तो म्हणायचा, सगळे असंच म्हणतात.

मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, “पप्पा, इथं आमच्या वयाचं कोणी बघत नाही त्याला.” पण हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजीनं नटाचं नाव ऐकलं आणि तिच्या हातातून फोनच घेतला. डोक्याला रुमाल, जाड चष्मा. भराभर बोलत सुटली. मला एक अक्षर कळलं नाही. मी नुसतं खिशात पत्र घालून पाठ फिरवून दाखवलं. ती आधी हसली, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

“काय केलं पप्पा तुम्ही? आजी रडून राहिल्या!”

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी, ऑफिसात असताना मोबाइलवर बातमी आली. नट गेला. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना सांगितलं.

“कोण? नात्यातले होते का?”

“नाही. रशियातले.”

“अच्छा,” म्हणत त्यांनी फाइल उघडली. मी मुलीला फोन लावला. “पप्पा, वॉर्डात आहे मी. मंग बोलते,” म्हणाली. त्या दिवशी फोन आला नाही.

शनिवारी घरात बसवेना. लातूरची गाडी पकडली. कशासाठी, ते मलाच सांगता आलं नसतं. रूमच्या गल्लीत आता सगळी नवी पोरं होती. मुलीच्या मेसच्या मावशींनी मात्र ओळखलं.

“जयभीम भाऊ! लई दिसांनी. आता कुणाला आणलं क्लासला?”

“कुणाला न्हाई मावशी. असंच आलो.”

“मंग तोंड का उतरलंय? पोरगी बरी हाय ना?”

“हाव. एक माणूस वारला. ओळखीचा नव्हता.”

दुपारची जेवणं आटोपली होती. मावशी मेथी निवडायला बसल्या, मी समोरच्या बाकड्यावर. त्यांना नटाचं सगळं सांगितलं. लेथ, शिपाई, पोस्टमास्तर. गाडीत उतारू बसवायचा त्या गोष्टीपाशी त्यांचा हात थांबला.

“मीच तो, असं का न्हाई म्हणला?”

“लाज वाटली असंल.”

“कामाची कसली लाज?” त्या पुन्हा पानं खुडायला लागल्या. “शेवटी घरात कोण होतं त्याच्या?”

“कोणी न्हाई. बायको आधीच गेली होती.”

“मंग करून कोण घालायचं?”

इतकं वाचलं होतं, पण हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. “माहीत न्हाई,” म्हणालो.

मावशी उठल्या, हात धुतले आणि पिठलं-भाकरीचं ताट पुढं ठेवलं. दोन घास गेले आणि माझे डोळे भरून आले. त्यांनी दुसरी भाकरी वाढली.

परतीच्या गाडीत, अहमदपूरच्या पुढं, मुलीचा फोन आला.

“काल काय म्हणत होते पप्पा?”

“काही नाही गं. लातूरला आलो होतो. मावशीकडं जेवलो.”

“मला सोडून?” ती म्हणाली.