बाहेरच्या खोलीतला परदेश

"तिकडे हे चालणार नाही," असं म्हणून ते चहाचा दुसरा कप परत करायचे. शिक्षकांच्या खोलीत कोणी भजी आणली, कोणी पेढे वाटले, की सरांचा हात आधी पुढे यायचा, मग मधेच थांबायचा आणि हे वाक्य यायचं. तिकडे म्हणजे इथिओपियात. धरणगावच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे हे सर तोवर मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते, पण मनाने केव्हाच विमानात जाऊन बसले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंग्रजी शिकवणाऱ्यांना तेव्हा आफ्रिकेत मागणी होती. पेपरात जाहिरात आली, सरांनी अर्ज केला, मुंबईला मुलाखत दिली आणि चक्क निवड झाली. दोन वर्षांचा करार, निघायचं दिवाळीनंतर. दोन मुलींना शिकवायचं होतं, भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जायचं होतं, आणि आमच्या पगारात यातलं एकही धड झालं नसतं. मी भूगोल शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो, त्यामुळे तिथल्या हवापाण्याचा जाब मला द्यावा लागायचा. मीही पाहून आल्यासारखा ठोकून द्यायचो.

एक दिवस सर म्हणाले, "तिकडच्या खर्चाचं बजेट केलंय. पण कागदावर कोणीही करतं हो. जगून बघितलं पाहिजे."

संक्रांत झाली आणि त्यांनी खरोखरच जगून बघायला सुरुवात केली. घराची बाहेरची खोली म्हणजे परदेश. तिथे एक वातीचा स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट आणि सतरंजी. तिकडे स्वतःवर जेवढा खर्च करायचा ठरवला होता, त्याच बेताने इथे राहायचं. उरलेला पगार पहिल्या तारखेला वहिनींच्या हातात द्यायचा आणि महिनाभर त्यात लक्ष घालायचं नाही. तिकडे भाकरी मिळणार नाही म्हणून भाकरी बंद. दूध महाग असेल म्हणून चहा बिनदुधाचा. आणि मुख्य नियम असा, की मधलं दार ओलांडायचं नाही. घर वहिनींनी एकटीने चालवायचं, कारण परदेशातला माणूस घासलेटच्या रांगेत उभा राहू शकत नाही.

गल्लीची चांगली करमणूक झाली. शिकवणीची चौकशी करायला कोणी आलं, की धाकटी दारातच सांगायची, "पप्पा परदेशात आहेत." आणि आतून पप्पा खोकायचे. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या.

फक्त पाण्याच्या दिवशी मला हसू यायचं नाही. आमच्या गावाला पाण्याचं कायमचं दुखणं. कितीतरी दिवसांनी नळ यायचा आणि कोपऱ्यावरून हंडे भरून आणावे लागायचे. पूर्वी हे काम सरांचं होतं. आता वहिनी एकट्या खेपा घालायच्या आणि सर खिडकीत बसून वह्या तपासायचे. न राहवून एकदा मी म्हटलं, "सर, परदेशातून एक हंडा तरी उचला."

ते हसले नाहीत. "मला बघवत नाही हो," म्हणाले. "पण मी गेल्यावर कोण उचलणार आहे? सवय इथेच झालेली बरी." त्यांची नजर वहीवर होती, पण हातातलं लाल पेन हलत नव्हतं.

आखाजीला त्यांनी स्वतःला रजा दिली. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींनी माहेरी यायचा सण, इथे घरचा मालकच घरी यायचा होता. सर बॅग घेऊन निघाले आणि चौकाला वळसा घालून आपल्याच दारात येऊन उभे राहिले. वहिनींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मुलींनी बॅग हिसकावून घेतली, तर आत जळगावहून आणलेल्या बांगड्या निघाल्या. जेवायला खापरावरचे मांडे आणि आमरस. मलाही बोलावलं होतं. सर किती दिवसांनी स्वयंपाकघरात बसले होते. वहिनी वाढत होत्या, आणि सर जेवायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

"तू इतली कशी वाळनी वं?" त्यांनी विचारलं. घरात ते आपल्या अहिराणीतच बोलायचे.

"काही नही. ऊन शे ना," वहिनी म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी कुशीवर हात दाबून धरला आणि मांड्यांचं ताट त्यांच्या हातून सुटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जळगावला दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? वहिनी म्हणाल्या, होळीच्या आधीपासून. सर डॉक्टरांना सोडून वहिनींकडे वळले.

"माले का बरं नही सांगं?"

वहिनी अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तुम्ही तं तठे शेतस ना. दूरना मानूसले कसाले घोर लावाना?"

सरांनी तालीम केली होती, वहिनींनी ते खरोखर तिकडेच आहेत असं मानलं होतं. दूर असलेल्या नवऱ्याला बायको आपला आजार कळवत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. औषधाला पैसे मोडले नाहीत, कारण दिलेल्या पैशांत घर चालवून दाखवायचं होतं. आणि सर सगळा वेळ एका भिंतीपलीकडे बसून होते. पोटातली गाठ फार पसरली होती. पोळ्याच्या आधीच वहिनी गेल्या.

मला अजून राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही. सरांचा करावा तर तो माणूस कोरा चहा पीत होता तो बायको-मुलींसाठीच. वहिनींचा करावा तर तेवढी हिंमत माझ्यात नाही. आता तर सरही राहिले नाहीत. रागवायचं कोणावर?

सरांनी नेमणूक नाकारली. मुलींना ज्याच्या भरवशावर सोडून जावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. मधलं दार त्यांनी बिजागरीसकट काढून टाकलं. शाळेत ते पूर्वीसारखेच शिकवायचे, पण "तिकडे" हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून आला नाही. मुलींना मात्र येता-जाता विचारायचे, बरं वाटतंय ना? मुली कंटाळून जायच्या.

पुढे नव्वदच्या दशकात थोरलीचं लग्न झालं. पिंपळनेरला दिली. मुलगी गाडीत बसली तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. अशा वेळी बाप काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सासूचं ऐक, घराण्याचं नाव राख. सरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग चारचौघांत नेहमी शुद्ध बोलणारा तो माणूस सगळ्या वऱ्हाडासमोर आपल्या बोलीत म्हणाला, "काही दुखनं-खुपनं तं सांगजो, माय. मनमा ठेवजो नको. मी येसु."

मुलगी रडत रडत हो म्हणाली. सरांना तेवढं पुरलं नाही. गाडी हलली तरी ते खिडकीला धरून सोबत चालत राहिले आणि विचारत राहिले, "सांगशी ना? सांगशी ना?"