राग कोनावर नाय

जोमा कुठेही उभा राहण्याआधी जमिनीला पायाने विचारून घेई. उजवा पाय पुढे टाकायचा, तळवा सपाट टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग सगळं अंग त्या पायावर सोडायचं. पहिल्यांदा तो माझ्या शाळेच्या ओसरीवर असा चढला तेव्हा मला वाटलं, याच्या पायात काटा रुतला आहे. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "काटा नाय मास्तर. तुमची जमीन कच्ची हाय, चोपाला पायजे." दुसऱ्या दिवशी येऊन त्याने ती चोपून दिली.

कोलशेतला तेव्हा नुकतीच शाळा निघाली होती. मी कल्याणचा. ठाण्यात जागा मिळेल म्हणून अर्ज केला आणि खाडीकाठी जाऊन पडलो. आजूबाजूला मिठागरं, आणि मराठीच बोलणारी पण माझ्या कानांना परकी वाटणारी माणसं. त्यात हा चाळिशी उलटलेला, हाडापेराने मोठा मिठागरी माझ्याकडे का कोण जाणे वळला. दिवसभर मिठात राबायचा आणि शिमगा आला की गावच्या नाचात बाई व्हायचा. तीही भरघोस मिशांसकट. थोरला भाऊ त्याला येता-जाता हिणवायचा, "बाप्या मानूस हून नाचतस, लाज नाय वाटत?" जोमा शांतपणे सांगायचा, "वाटते ना. नाचताना तवरी नाय वाटत."

तो नाच मी पहिल्यांदा पाहिला धुळवडीच्या दुपारी. मी गेलो होतो ते हसायलाच. जोमाने धोतरावर बायकोचं लुगडं गुंडाळलं होतं, आणि मिशीवर पदर ओढण्याची तसदीही घेतली नव्हती. गाणं होतं होडी घेऊन गेलेल्या आणि परत न आलेल्या नवऱ्याचं. आवाज घोगराच. पहिल्या दोन ओळी मी हसलो. मग तो एका जागी उभा राहून नुसते पाय हलवू लागला, आणि ते हलत असताना मान वळवून त्याने आमच्या डोक्यांवरून लांब कुठेतरी पाहिलं. जमलेला सगळा गाव मागे वळून खाडीकडे पाहू लागला. मीही वळलो. खाडीत काहीच नव्हतं, भरतीचं पाणी तेवढं चढत होतं. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे टिपत होती, आणि मी का वळलो हे मला सांगता येईना.

हे पाय त्याने आणले कुठून, ते पुढे दिवाळीनंतर कळलं. पावसाने फुगलेले मिठागरातले वाफे तेव्हा पाणी काढून पायांनी तुडवावे लागतात. दहा-बारा माणसं ओळीने उभी राहतात आणि गाण्याच्या ठेक्यावर चिखल तुडवत पुढे सरकतात. जोमा ओळीच्या टोकाला असे. तळवा पडायचा तो सपाट, आणि उठायचा तो आवाज न करता. "टाच बोलली का मीठ कालं," तो मला म्हणाला. टाचेचा खड्डा राहिला की त्यात पाणी साचतं, गाळ धरतो आणि मीठ काळं पडतं. पंचवीस वर्षं तो असा तुडवत आला होता. त्याने मलाही वाफ्यात उतरवलं. मी चार पावलं टाकली आणि चार खड्डे करून ठेवले. जोमाने ते चारही बुजवले.

त्याच दिवशी बांधावर बसून मी त्याला विचारलं, "जोमा, तू ते होडीचं गाणं म्हणतोस, त्याचा राग कोणता?"

तो गोंधळला. "राग? राग कोनावर नाय, मास्तर. तो बिचारा बुरला, त्याच्यावर कसला राग?"

मी पोट धरून हसलो. तोही हसला, मास्तर हसले म्हणून. राग म्हणजे काय ते समजावून सांगायचं राहून गेलं. हसू ओसरल्यावर त्यानेच मला विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. मना येक सांगा. ह्ये नाचनं-बोंबलनं मना येतं, त्ये काय तरी येनं हाय, का उगाच आपलं पोरकटपना? भाऊ म्हनतो पोरकटपना." मी म्हटलं, विचार करून सांगतो. पुढे कित्येकदा त्याने आठवण करून दिली. त्याला बक्षीस नको होतं, नाव नको होतं. एवढं एकच उत्तर त्याला हवं होतं.

वर्षभराने माझी ठाण्याला बदली झाली. संगीत नाटकांची साथ तेव्हा गावोगाव पसरली होती. कचेरीतले पोटाचे घेर सुटलेले कारकूनसुद्धा आरशापुढे पदं घोळवायचे. टेंभी नाक्याजवळ दर रविवारी दुपारी आमची वक्तृत्वसभा भरे. तिचे अध्यक्ष रावसाहेब शिक्षणखात्यात वजन राखून होते. त्यांनी एकदा वादाला विषय दिला: प्रौढ माणसाने रंगभूमीवर नाचण्या-गाण्यास खरा कलागुण लागतो किंवा कसे. लागतो, या बाजूने एक नामांकित वकील उभे राहिले. लागत नाही, या बाजूने मी. माझं मत काय होतं? काही नव्हतं. रावसाहेबांना नाटकं आवडत नाहीत एवढं मला ठाऊक होतं.

आणि मला जोमा आठवला. ढोलकी नाही, लुगडं नाही, भर दुपारी सभ्य मंडळींपुढे हा मिशाळ माणूस नाचायला लागला की माझं अर्धं भाषण वाचेल, असा मी हिशेब केला. कोलशेतला जाऊन त्याला सांगितलं, "ठाण्याच्या सभेत तुझ्या प्रश्नाचा निकाल लागणार आहे. येशील?" मी कोणत्या बाजूने बोलणार हे सांगितलं नाही. त्याने कान धरून देवाला नमस्कार केला. म्हणाला, "तुमी ठरवाल त्ये खरं."

रविवारी तो न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून आला. मधली जाजम त्याने काढायला लावली. "खालची जमीन लागंल," म्हणाला. लोक हसले, मला बरं वाटलं. मग तो उभा राहिला, पायाने जमीन पाहिली आणि गाऊ लागला. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. पाय हलू लागले, मान वळली, आणि लोडाला टेकलेले रावसाहेब उठून बसून मागच्या खिडकीतून बाहेर पाहू लागले. बाहेर एक चिंच होती आणि तिच्याखाली टांग्याचं घोडं. वाद मी हरलो होतो.

नाच संपताच मी पुढे झालो. "जोमा, हे तू कोणापाशी शिकलास?"

"कोनापाशी नाय, मास्तर."

ते वाफे, ते पाय, ती पंचवीस वर्षं सगळं मला माहीत होतं. मी विचारलं, "ताल कोणता?"

"नाव नाय म्हायत."

"बरं, राग कोणता?"

त्याने माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहिलं. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. "राग कोनावर नाय," तो म्हणाला.

सभेत हशा फुटला. रावसाहेबांना तर हसून ठसका लागला. त्या हशावर स्वार होऊन मी बोललो. ज्याला ना गुरू, ना ताल, ना रागाचं नाव ठाऊक, त्याला नाचता येतं ते बैलाला घाण्याभोवती फिरता येतं तसं. ही सवय आहे, कला नव्हे. टाळ्यांचा कडकडाट झाला. जोमा दाराशी, जोडे काढून ठेवतात तिथे बसला होता. सगळे टाळ्या वाजवतात हे पाहून त्यानेही वाजवल्या.

पुढच्या शिमग्यानंतर कोलशेतचा एक माणूस बाजारात भेटला. म्हणाला, "जोमानी नाच सोरला." मी बरं म्हणून भाजी निवडत राहिलो. त्या वर्षी रावसाहेबांच्या शब्दाने मला कल्याणच्या शाळेत वरची जागा मिळाली. घरी पेढे वाटले. कोलशेतला जायचं, जायचं म्हणत चार वर्षं गेली. कल्याणहून कोलशेत किती लांब आहे? पहाटेच्या गाडीने ठाण्याला उतरून चालत गेलं तर सकाळच्या जेवणाआधी पोचतो माणूस.

तो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेलो. मला पाहून तो उठून बसायची धडपड करू लागला, बायकोने आधार दिला. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. एवढंच म्हटलं, "जोमा, सभेत मी खोटं बोललो. तुला येत होतं. तुझ्याइतकं कोणाला येताना मी अजून पाहिलं नाही."

तो बायकोकडे वळून कौतुकाने म्हणाला, "बगलंस? शिकलेली मानसं कशी असतान. दुखनाईताचं मन राखाला कल्यानशी आलं." आणि मला म्हणाला, "मास्तर, यवऱ्या मोठ्या मानसांसमोर कोन खोटं बोलंल? तुमी तवा खरं त्ये सांगितलंव, बरं झालं. नायतर मी उगाच म्हनत ऱ्हायलो असतो, मना काय तरी येतं."

आठ दिवसांनी तो गेला. सबंध सभेपुढे मी खोटं बोललो तेव्हा सर्वांनी मानलं, आणि त्याच्या झोपडीत दोघांपुढे खरं बोललो तर दोघांनाही ती माझी माया वाटली. त्या दिवशी मी तेच पुन्हा सांगितलं होतं. देवाची शपथ घेऊन तिसऱ्यांदा सांगितलं होतं. दर वेळी जोमा हात जोडत होता.