तिसरं तेल

"थांबा बाई, पितंय ते." एवढं बोलून सुतारकाका स्टुलावर बसत आणि तेल लावलेल्या फळीकडे बघत राहत, वासरू पाणी पिताना बघावं तसे. घाईतल्या गिऱ्हाइकाचा अशा वेळी जीव वरखाली होई. माझा तर व्हायचाच.

पनवेलच्या एसटी स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. रोज जवळच्या कोन गावाहून सायकलने येत. सुतार गावात पुष्कळ होते, पण लाकडाला तेल द्यावं ते काकांनीच. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याच्यापुढे आपण गिऱ्हाईक असूनही विद्यार्थी होतो. मी तर शाळेत शिकवणारी बाई!

फणसाच्या लाकडाचं टेबल करायला टाकलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "डार्क वॉलनट पॉलिश करा."

काकांनी तांब्यात हात बुडवून फळीवरून फिरवला. फिकट पिवळ्या लाकडातून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या आणि पाणी सुकताच गेल्या.

"ह्ये हाय आतमंदी. फनसाला दुसऱ्याचा सदरा कशाला घालता?"

मग फळीच्या खालच्या बाजूला त्यांनी जवसाचं तेल लाकडाच्या रेघेने, सरळ, दोन ठिकाणी लावून दाखवलं, एकीकडे कच्चं, एकीकडे उकळलेलं. उकळलेलं लवकर सुकतं, पण रंग गडद करतं, म्हणून कच्चं ठरलं. तीन वेळा द्यायचं, मध्ये आठ-आठ दिवस.

"इतके दिवस मी लिहू कशावर?"

"आतापर्यंत कशावर लिवत होता?"

दुसऱ्या तेलानंतर मी हट्टाने टेबल घरी आणलं. पेपर तपासायचे होते. "तिसरं मी घरी येऊन देतो," काका म्हणाले, "तवर त्याच्यावर गरम कप ठेवू नका."

रविवारी बाटली आणि फडकं घेऊन ते दारात उभे राहिले. घरात पाहुणे होते. मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी या ना."

"येतो की. लाकूड कुटं पलतंय?"

गुरुवारी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

मी कोनला गेले तेव्हा काकी त्यांच्या हाताला तिळाचं तेल चोळत होत्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. काकांचं तोंड वाकडं झालं होतं, पण शब्द कळत होते.

"आडवं नको... रेगंनं चोल."

"मानसाला कय रेग असतं?" काकी हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

माझ्याकडे बघून काकांनी विचारलं, "तिसरं?"

"तुम्हीच द्यायचं. हात बरा झाला की."

"तुमी द्या."

"मी नाही देणार."

त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काय करावं सुचेना, म्हणून काकींच्या हातातली वाटी घेतली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत, सरळ, तेल चोळत राहिले. बऱ्याच वेळाने काकांनी मान वळवून हाताकडे पाहिलं.

"थांबा... पितंय."

आम्ही थांबलो. तिघंही त्या हाताकडे बघत बसलो. एक बोटसुद्धा हललं नाही.

दिवाळीआधी काका गेले.

टेबलाला तिसरं तेल अजून दिलेलं नाही. दोनदा बाटली आणली, दोन्ही वेळा बूच उघडून परत लावलं. त्या रविवारी पाहुण्यांनी ठेवलेल्या चहाच्या कपाचा पांढरट गोल त्याच्यावर तसाच आहे, आणि तो बघितला की मला स्वतःचा राग येतो. कधीतरी शाळेतून आल्यावर मी हात ओला करून टेबलावरून फिरवते. रेषा वर येतात. पाणी सुकेपर्यंत दिसतात.