आबांचं दुकान, हेडसेटमधलं

व्हीआर हेडसेट घेतला तेव्हा आठवडाभर मी घरात दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही. हवेत ब्रश फिरवून चित्र काढायचं आणि त्याच चित्रात आपण हिंडायचं, म्हणजे चंगळच! पुढच्या आठवड्यात दोनदा पोटात ढवळलं आणि एकदा हात कपाटावर आपटून बोट सुजलं. "झालं समाधान?" नवऱ्यानं विचारलं. मी रागानं खोकं माळ्यावर टाकलं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते खाली आलं. कुणाला तरी देऊन टाकावं म्हणून चार्जिंगला लावलं, चालतंय का बघायला डोळ्यांवर चढवलं, आणि त्या संध्याकाळची खिचडी नवऱ्याला लावावी लागली. करपली. आता मी खुर्चीत बसून चित्र काढते, त्यामुळे गरगरत नाही. एवढी साधी गोष्ट तेव्हा का सुचली नाही, कोण जाणे.

पहिल्याच दिवशी हात आपोआप वडिलांच्या दुकानाकडे वळला. आबांचं छावणी भागात सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे. प्रत्येक मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. सकाळची शाळा सुटली की घरी जायचं, डबा घ्यायचा आणि दुकानावर पोचवायचा, हे माझं काम. पण पायरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. पोरी दुकानात बसत नसतात, असा आबांचा कायदा. मी पोचायचे तेव्हा ते हात धुऊन तयार असायचे. भूक लागत असेल, असं मला वाटायचं. एक शब्द न बोलता डबा घ्यायचे, आणि मी परत फिरायचे. त्या कायद्याचा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला बोलू?

दुकान जाऊन बरीच वर्षं झाली. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. आबा आमच्याकडेच राहतात, पण दुकानाचं नाव काढत नाहीत. त्याचा एक फोटोसुद्धा घरात नाही. मी महिनाभर आठवून आठवून काढलं: खिळ्याला लटकणाऱ्या ट्यूब, हवेचा पंप, पंक्चर कुठं आहे ते बुडबुड्यांवरून कळावं म्हणून पाण्यानं भरलेलं घमेलं. मला एवढंच हवं होतं, की आबांनी बघावं आणि 'हे माझं दुकान' म्हणावं. बाकी कुणी वाहवा नाही केली तरी चाललं असतं.

एका रविवारी दुपारी त्यांना खुर्चीत बसवून हेडसेट चढवला. त्यांना दिसत होतं ते मला मोबाइलवर दिसत होतं. आबांनी मान हळूहळू इकडून तिकडे फिरवली.

"कुणाचं दुकान हाय हे?"

मी घाईनं म्हटलं, "आबा, तुमचंच की. ते घमेलं बघा, नंबर बघा."

"आसंल. पर मी असं कधी बघितलंच नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सगळं पायरीच्या बाहेरून काढलं होतं, मला दिसायचं तसं. आबा तर जन्मभर आत बसलेले. मी बटण दाबून त्यांना आत नेलं, घमेल्याजवळ बसवलं आणि खुर्ची फिरवून तोंड दाराकडे केलं. बाहेर नुसता करडा रंग होता.

"रस्ता कुठाय?"

"रस्ता नाही काढला आबा."

"मग काय काढलंस? ते कडुलिंबाचं झाड कुठाय? त्याच्याखालनं तू डबा घेऊन वळायचीस. तू दिसलीस की मी पाना खाली ठिवायचो अन् हात धुवायला उठायचो. ग्रीस लागलं डब्याला की लई तोंड वाकडं करायचीस."

इतकी वर्षं मी त्या धुतलेल्या हातांना भूक समजत होते. मोबाइल बाजूला ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि हेडसेट उतरवायला त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "द्या इकडं, आत्ता काढते झाड."

आबांनी माझा हात धरला. तोंड त्या करड्या रंगाकडंच होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "आत्ताशी शाळा सुटली आसंल."